सात महिन्यांत दोन बाळंतपनं

"बाई, सात महिन्यांत दोन बाळंतपनं कशी काय झाली?" समोरच्या पार्टीच्या वकिलानं दोन्ही जन्मदाखले सायबाच्या टेबलावर ठेवले. नगरला कलेक्टर हापिसात सुनावनी हुती, काखंत माझं पोरगं, समदे माझ्याकडंच बघत हुते.

पोरगं माझं. पोरगी जावंची. जाऊबाई सरपंच, तिसरं लेकरू झालं की खुर्ची जाती. म्हनून दवाखान्यात माझं आधारकार्ड दिलं, पोरगी माझ्या नावावर लावली, माझं शपथपत्र बी केलं. मला तवा दिवस जाऊन दोन महिने झालते. आमच्यात तीन महिने भरल्याबिगर कुनाला सांगत न्हाईत, नजर लागती, म्हनून मी गप बसले. तिथंच घोळ झाला.

मागच्या सरपंचीन त्या पार्टीच्या. त्यांनी असंच लेकरू लपवलं, पद गेलं, तवा आमच्या लोकांनी फटाके वाजवले. "खोटी शपथ खाती, खोटारडी!" मी बी टाळ्या वाजवल्या. तवा त्या पार्टीची मानसं म्हनायची, लेकराबाळावरनं राजकारन करू नका. आता तीच खरं-खोटं शिकवत्यात, आन आमची गप.

सायबांनी जरा येळ दिला. व्हरांड्यात मी थोरल्या दिरांना, जावंच्या नवऱ्याला, म्हनले, "दादा, त्या बाईला आपन खोटारडी म्हनलो. मंग आपन कोन?"

"त्यांनी खुर्चीसाठी केलं. आपन गावासाठी करतोय. तू म्हन, पोरगं सातमाशी हाय."

"आवं, सव्वातीन किलोचं हुतं ते! कागदावर हाय!"

"मंग म्हन, डिंकाचे लाडू लई खाल्ले."

नवरा जावंच्या पोरीला खांद्यावर घिऊन फेऱ्या मारत हुता. तेवढ्यात तो वकील हळूच जवळ आला. "ताई, खरं सांगा. तुमाला काय बी हुऊ देनार न्हाई." ह्याला माझी कशाला काळजी? ह्याला बी खुर्चीच पायजे.

पोरगी रडाय लागली, जावंकडं हात करून. जाऊबाईनं तोंड फिरवलं. मीच तिला उचललं, दोन काखंत दोन लेकरं, दोघं बी बोंबलत्यात, आन आत बोलावलं. सायबांनी इचारलं, "शपथेवर सांगा, ही कुनाची?"

"माझीच," म्हनले.

दाखला बी माझ्या नावाचा, शपथ बी माझी, सायबांनी तेवढंच धरलं आन खुर्ची वाचली. पन त्या पार्टीनं आता कोर्टात माझ्यावर खोट्या शपथेची केस टाकलीय, रक्त तपासा म्हनत्यात. दिरांना इचारलं, आता कसं? चहा फुर्र करून म्हनले, "शपथपत्रावर सही तुझी हाय. आमची कुठं हाय?" नवऱ्यानं बी त्यांच्या बोलन्याला मान डोलवली.

आठवीपतूर शिकलेय मी. आता घरात कुनी कागद म्होरं केला की एकेक अक्षर बोट ठिवून वाचते, आन मागं कोन उभं हाय ते बघते. खरं सांगावं तर जेल माझी. न्हाई सांगावं तर रक्त सांगनारच. तुमीच सांगा बया, तुमी तिथं उभ्या असत्या, तर काय म्हनल्या असत्या?