बाळंतिणीच्या खोलीतली गोरसी

आमच्या भागात सासऱ्याने बाळंतिणीच्या खोलीचा उंबरठा ओलांडायचा नसतो. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. तो माझ्या पत्नीच्या भुवयांत आहे.

पौषात सून बाळंत होऊन घरी आली. मुलगी झाली होती. मुलगा नोकरीच्या गावी परतला होता. पत्नीने खोलीचा ताबा घेतला. खिडकीच्या फटींत भाताचे तणस कोंबले, दाराला कांबळे लावले आणि खाटेखाली गोरसी ठेवली. गोरसी म्हणजे निखाऱ्यांची मातीची शेगडी. बाळंतिणीला शेक मिळावा आणि वारा लागू नये, हा हेतू. हेतूबद्दल माझी तक्रार नव्हती.

लवकरच सुनेचे डोके दुखू लागले. मळमळ, चक्कर. आंघोळीला बाहेर आली की तिला बरे वाटे. आत गेली की पुन्हा तेच. पत्नीने निदान केले: दृष्ट. मीठ-मिरच्या ओवाळून त्याच गोरसीत टाकल्या. सर्वांना ठसका लागला. तिच्याच शास्त्राप्रमाणे ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हती. हे मी निदर्शनास आणले. तिने मला सरपण आणायला पाठवले.

बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशी बातमी हिवाळ्यात वाचायला मिळतेच. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. सरपण टाकून मी दाराशी उभा राहिलो.

"गोरसी बाहेर काढ."

"धूर कुठं दिसून राहिला तुमाले? निस्ते इंगळ आहेत."

"दिसत नाही, हीच अडचण आहे."

"मंग जे दिसतच नाही त्याले कायले भेता? माही लेकरं याच गोरसीवर मोठी झाली."

ते खरे होते. परंतु तेव्हा भिंती कुडाच्या होत्या आणि वारा आरपार जाई. आता भिंती सिमेंटच्या होत्या, आणि धूळ पडू नये म्हणून मुलाने छपराच्या कवेलूंखाली, म्हणजे कौलांखाली, प्लास्टिक ताणले होते. मी हे सविस्तर सांगितले. कांबळे हलले नाही.

दारातून जाण्यास मनाई होती. वरून जाण्याबाबत नियम नव्हता. मी शिडी लावली.

माझ्या वयाच्या माणसाने छपरावर चढू नये, हे मला छपरावर पोचल्यावर पटले. कवेलू काढून बाजूला ठेवले आणि विळ्याने प्लास्टिक चिरले. खाली किंकाळी उठली.

"अगा माय! विळा घेऊन कोण आलं?"

"मी."

"उतरा खाली! हाडं मोडली तं शेक कोणाले देऊ, तुमाले का सुनेले?"

लग्नापासून सून माझ्याशी थेट बोललेली नव्हती. जे काही असेल ते सासूमार्फत. आता त्या भोकातून तिचा आवाज वर आला.

"मामाजी, अजून दोन काढा."

"काऊन वं, तू त्यायच्याशी बोलून राहिली?" पत्नी म्हणाली.

"आत्याबाई, डोकं फुटून राहिलं माहं. पोरगी दुधाले उठूनसुद्धा नाही राहिली. गोरसी बाहेर न्या नं."

माझे म्हणणे टाळता येत होते; दूध न ओढणारी नात टाळता येत नव्हती. कांबळे सुटले, गोरसी अंगणात आली आणि तिच्यामागून मायलेकी. मला उतरवून घेण्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. मी स्वतः उतरलो.

दोघींना लगेच दवाखान्यात नेले. ऑक्सिजन लावला. नात रडली, तेव्हा पत्नी खाली बसली. डॉक्टरांनी तिला जे सांगितले ते मी दाराशी सांगितलेलेच होते. तिला ते तेथे प्रथमच ऐकू आले.

घरी आल्यावर पद्धत बदलली. गोरसी अंगणात, फडके तिच्यावर गरम करून आत न्यायचे. तणस बैलांनी खाल्ले.

पुढे शेजारणीची लेक बाळंतपणाला येणार होती. पत्नी कुंपणावरून तिला समजावत होती.

"गोरसी अंगणातच ठेवजो, बाई. खिडकी उघडी राहू देजो. आमच्या घरी पयलेपासून असंच असते."

मी ओसरीवर बसलो होतो. दुरुस्ती सुचवली नाही.