अप्पांनी भरलेलं पाणी

अप्पा निवृत्त झाले आणि घराला वैताग सुरू झाला. आयुष्यभर शाळेत पोरांना रांगेत उभं करणारा माणूस आता आईच्या भाजीतल्या मिठापासून वाळत घातलेल्या फडक्यापर्यंत सगळ्यात नाक खुपसू लागला. म्हणून मी बीदरच्या एका दुकानातून त्यांच्यासाठी निळा फायटर मासा आणला. दुकानदार म्हणाला, "अकेलाच रखो इसको. दूसरा डाले तो मार डालता." मनात म्हटलं, मग आमच्या अप्पांना हाच जोडीदार बरा.

आईनं कपाळाला हात लावला. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. "मासा आणलीस व्हय गं? कामून आणलीस? आता ह्याचं कोण बघावं?"

बघितलं अप्पांनी. आमच्या गावात, हुलसूरला, नळाला पाणी आलं की ते बादलीभर बाजूला काढून ठेवायचे. रात्रभरात त्यातला जंतुनाशक पावडरीचा वास गेला, की मगच ते पाणी माशाच्या काचेच्या बरणीत. त्या बादलीला कुणी हात लावलेला चालत नसे. आरसा समोर धरला की मासा कल्ले फुगवून धावून यायचा. अप्पा लगेच आरसा खाली करायचे. "लई चिडवू न्हाई, दमतंय ते." आमच्यावर ही दया त्यांनी कधी दाखवली नव्हती.

एका रविवारी सकाळी त्यांनी बरणी धुतली, पाणी बदललं आणि पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले. आई जेवायला उठवायला गेली तेव्हा ते गेलेले होते.

माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकतात. मी उदगीरच्या माझ्या घरून पोचले तेव्हा शेजारच्या काकू घागरी, माठ, बादल्या अंगणात रिकाम्या करत होत्या. शेवटी त्यांचा हात बरणीकडे गेला. तोवर भिंतीला टेकून बसलेली आई उठली आणि बरणी पोटाशी धरून म्हणाली, "हे न्हाई. हे त्यांनी भरलंय." काकूंनी हात मागं घेतला.

तेरावा झाला तरी आई रडली नव्हती. रडू दे तिला, मोकळी होईल, असं जो तो मला सांगत होता. मला त्या सगळ्यांचा राग येत होता. ती सकाळी माशाला दाणे घालायची आणि दिवसभर बरणीपाशी बसायची. पाणी मात्र बदलू द्यायची नाही. हळूहळू ते गढूळलं, वास मारू लागलं. मासा खाईनासा झाला, तळाशी कुशीवर पडून राहू लागला. अप्पांच्या मागं तोही जाणार, असं मला वाटू लागलं.

"आई, मरंल गं तो. घाण पाण्यात ठेवलीस त्याला."

"घाण कसं म्हणायलीस? त्यांच्या हातचं हाय ते."

"अप्पांनी कवाच बदललं असतं."

मी जरा जोरातच बोलले. तिनं बरणी आणखी जवळ ओढून घेतली. पण संध्याकाळी नळ आला तेव्हा तिनं बादलीभर पाणी काढून कोपऱ्यात ठेवलेलं मला दिसलं.

सकाळी तिनं मासा वाटीत उचलून घेतला आणि जुनं पाणी परसात लिंबाच्या झाडाला घातलं. ओततानाही मधे मधे तिचा हात थांबत होता. मग बरणी धुऊन नवं पाणी भरलं आणि मासा आत सोडला. तो बराच वेळ तळाशीच होता. आम्ही दोघी डोळे लावून बसलो. मग त्याचे पर हलले, तो सावकाश वर आला आणि तोंड पाण्याबाहेर काढून त्यानं हवा घेतली.

आई बाहेरच्या खोलीकडं वळून मोठ्यानं ओरडली, "अवो, वाचला बघा! या की लवकर!"

बाहेरून काहीच आवाज आला नाही. आई तिथंच खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. तिचं रडणं ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या आणि दारातूनच घाबरून विचारू लागल्या, "काय झालं गं? कोण गेलं?"

मी म्हटलं, "अप्पा."