सीतेच्या आसवांचा मालक

कोन गावाजवळच्या ज्या पाणथळ प्लॉटवर माझा फ्लॅट उभा राहणार होता, तिथे भरावाची माती घेऊन आलेल्या डंपरसमोर एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. जमीन त्यानेच विकलेली. पायाशी पाण्यात सीतेची आसवं फुललेली, नखाएवढी निळी फुलं.

"काका, खरेदीखत झालंय!" सुपरवायझर ओरडला.

"मग वाच ना! जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण. यात फूल कुठं हाय?"

"फूल तृणातच आलं!"

"तृण असतं तर माज्या बैलानं ठेवलं असतं?"

सुपरवायझरने थेट बिल्डरच्या वकिलाला फोन लावला. वकीलही विचारात पडला.

फोन ठेवून सुपरवायझर म्हाताऱ्याला म्हणाला, "मग उचला तुमची फुलं!"

"मी कशाला? दिवाळीपर्यंत आपली आपण जातील."

घराची घाई मलाच होती, हो! तरी दुसऱ्याच क्षणी मी डंपर परत रस्त्यावर काढायला त्याच्यामागे उभा राहून हात हलवत ओरडत होतो, "आने दो, पीछे आने दो!"