दोन फेरे हाताने

माझा धाकटा भाऊ वाल्मीक याच्या अंगावर त्याने खाल्लेला मार वाचता येतो. भुवईवरची चीर आमच्या वडिलांच्या पराणीची, बैल हाकायच्या काठीची. गावी सायखेड्याला बैल जुंपायला उशीर केला म्हणून बसली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. डाव्या कानाची पाळी फाटली ती नाशिकला, भद्रकालीतल्या गॅरेजात. उस्तादाने दहाचा पाना मागितला आणि याने बाराचा दिला. तोच पाना परत आला, पण हवेतून.

इतका मार खाल्लेला माणूस एक तर वाकतो, नाहीतर मारायला शिकतो. वाल्मीक शिकला. त्र्याऐंशी साली गाडीचं काम लांबलं म्हणून एका गिऱ्हाइकाच्या भावाने त्याला चारचौघांत थोबाडीत मारली. वाल्मीकने जॅकचा दांडा उचलला आणि त्या माणसाचा जबडा फोडला. एकच फटका. पण तो माणूस पुढे दोन महिने नळीने जेवला. वाल्मीक दहा महिने नाशिकरोडच्या तुरुंगात राहिला. सुटताना त्याच्याकडून तीन वर्षांचं हमीपत्र लिहून घेतलं. पुन्हा कुणावर हात उचलला तर सरळ आत.

सुटला त्या दिवशी मी त्याला आधी कालिकेच्या देवळात नेलं, मग घरी. देवळाच्या उंबऱ्यावर त्याचा उजवा हात ठेवला आणि म्हटलं, हा आता कालिकाआईचा. तो म्हणाला, "ठेवतो. पण डावा बी लय जड हाय, आक्का." मी डावाही ठेवायला लावला.

तेव्हापासून तो आमच्याकडे राहतो. अंबडला एका शेडमध्ये ग्राइंडिंग मशिनवर काम करतो. दिवसभर लोखंड घासायचं आणि संध्याकाळी मुकाट जेवायचं. लोखंड उलट बोलत नाही म्हणून त्याला मानवलं असावं.

शहाऐंशीच्या मार्गशीर्षात ओझरकडचे रावजीशेठ त्याला शोधत आले. द्राक्षबागांवर गबर झालेला माणूस. मुंबईच्या लिलावातून त्यांनी एक जुनी लाल परदेशी गाडी घेतली होती. तिच्या इंजिनात टर्बो होता. टर्बो म्हणजे काय ते वाल्मीकने मला चुलीपुढे बसून सांगितलं. इंजिनाच्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तोच बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. जणू जेवणाऱ्याच्या तोंडात दुसऱ्याने घास ढकलावा. शेठना ती गाडी शर्यतीत उतरवायची होती. त्यासाठी तिच्यातला कॅमशाफ्ट बदलून जास्त ताकदीचा हवा होता. कॅमशाफ्ट म्हणजे लोखंडी दांडा, त्याला ओळीने फुगीर नाकं असतात. दांडा फिरला की ती नाकं एकेक झडप उघडतात. नाक उंच, तर झडप जास्त उघडणार.

शेठना शर्यतीच्या गाड्यांत असतो तसाच दांडा हवा होता. वाल्मीकने नकार दिला. त्या दांड्यात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा बराच वेळ एकदम उघड्या राहतात. साध्या इंजिनाला ते चालतं. टर्बोने कोंबलेली हवा मात्र समोरच्या दाराने आत आणि मागच्या दाराने बाहेर. "घास पोटात गेलाच नाय, तर ताकद येणार कुठून?" असं त्याने शेठना विचारलं. शेठचा ड्रायव्हर मोतीराम हसून म्हणाला, तुरुंगात इंजिनाचा वर्ग भरत होता वाटतं. वाल्मीकने खाली पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे धरले. ते त्याने मला सांगितलं नाही, त्याच्या शेडमधल्या बुधाने सांगितलं.

अखेर त्याच्याच मनासारखं ठरलं. नवा दांडा आणायचा नाही. मूळ दांड्याच्या नाकांची पाठ घासायची. पाठ खाली गेली की नाक आपोआप उंच होतं, आणि झडपा किती वेळ उघड्या ठेवायच्या ते आपल्या हातात राहतं. अकरा दिवस तो घासत होता. पत्र्याचा साचा लावून बघायचा, पुन्हा घासायचा. रोज घरी आला की त्याच्या नाकातून काळं पाणी यायचं.

बाराव्या दिवशी म्हणाला, "आक्का, कणिक मळून दे. घट्ट."

मी विचारलं, किती माणसं आहेत जेवायला.

"चार. पण ती इंजिनात बसत्यात."

नाक उंच झालं की झडप जास्त खाली येते. खालून पिस्टन वर येत असतो. दोघांची टक्कर झाली तर सगळं संपलं. म्हणून पिस्टनवर कणकेचा चपटा गोळा ठेवायचा, इंजिन हाताने फिरवायचं, आणि कणिक किती दबली ते मोजायचं. कणिक पाहिजे तितकीच जाड राहिली होती. तो दबलेला गोळा त्याने मला आणून दाखवला. त्यावर झडपेचा गोल ठसा उमटला होता, देवीच्या टाकासारखा. मी तो तुळशीत ठेवला.

त्याची एक रीत होती. सगळं जोडून झालं, कॅमला इंजिनाशी जोडणारा दातेरी पट्टा चढला, की चावी लावण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं. इंजिनाचे दोन झाले की कॅमचा एक होतो, आणि कुठे काही अडत असेल तर पान्यातून हाताला कळतं. हे त्याला उस्तादाने शिकवलं होतं, कान फाडून.

आता माझं सांगते. शेठच्या घरून निरोप आला की इंजिन मुहूर्तावर चालू करायचं आहे, ताईंनी पंचांग बघून वेळ सांगावी. मी रोज वहीत तिथी लिहिणारी बाई. मला मान वाटला. अकरा वाजून बारा मिनिटं ते अकरा वाजून वीस, एवढाच वेळ चांगला, असं मी कळवलं. पूजेचं ताट घेऊन मीही शेडवर गेले.

अकरा वाजून अठरा झाले तेव्हा वाल्मीक पट्टा चढवत होता. पट्टा ताणणारी पुली अजून आवळायची होती. शेठ पांढऱ्या कपड्यांत गाडीत बसून घड्याळ बघत होते. वाल्मीक म्हणाला, "पुली आवळून दोन फेरे हाताने फिरवायचे ऱ्हायलेत." मोतीराम म्हणाला, वेळ चाललीय. वाल्मीकने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "होऊन जाऊ दे रे. वेळ टळतेय."

तो बाजूला झाला. शेठनी चावी फिरवली.

आत एखादं कुत्रं कोंडून त्याला दगडांनी ठेचावं तसा आवाज आला. क्षणभरच. मग कचकन काहीतरी तुटलं आणि इंजिन बंद पडलं. सैल पट्टा दोन दात सरकला होता. झडपा पिस्टनवर आदळून सगळ्या वाकल्या होत्या.

शेठ उतरले आणि त्यांनी वाल्मीकच्या तोंडात मारली. एकदा, पुन्हा, पुन्हा. तो हलला नाही. ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. मग मोतीरामने शिवी दिली आणि बाकड्यावरची लोखंडी कांब उचलून वाल्मीकच्या डाव्या हातावर घातली. तो हात गाडीच्या कडेवर टेकलेला होता. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. शेंगा मोडतात तसा.

वाल्मीकच्या उजव्या हातात चाकाचा मोठा पाना होता. तो वर गेला. मोतीरामने डोळे मिटले. त्र्याऐंशी सालचा वाल्मीक माझ्यासमोर उभा होता, आणि हमीपत्राचे अजून दहा महिने बाकी होते.

"वाल्मीक," मी म्हटलं, "मुहूर्त मी काढला. मारायचं तर मला मार."

पाना खाली आला. माझ्या हातातल्या ताटावर, नारळावर. करवंटीचे तुकडे माझ्या गालाला लागले, पाणी शेठच्या पांढऱ्या कपड्यांवर उडालं आणि ताट खाली पडून गरगरत राहिलं. वाल्मीकने पाना बाकड्यावर ठेवला, मोडका हात काखेत धरला आणि चालत सुटला. मी मागून. दवाखान्यात प्लास्टर घालताना तो एवढंच म्हणाला की कालिकेला सांग, नारळ फोडला. बाकी काय फोडलं नाय.

त्याने तक्रार केली नाही. मी त्या दिवसाच्या पानावर तिथी लिहिली नाही.

तीन आठवड्यांनी शेठ आमच्या दारात आले, एकटेच. शहरातल्या दोन गॅरेजांनी हात टेकले होते. त्यांनी माफी मागितली नाही, पण चप्पल बाहेर काढून आले आणि मी दिलेला चहा उभ्यानेच प्याले. वाल्मीक म्हणाला, नव्या झडपा आणा, दांडा शाबूत हाय, मी जोडून देतो. मोतीराम शेडच्या आत पाऊल टाकणार नाय. आणि एक अट.

ती अट काय ते शेडवर कळलं. सगळं जोडून झालं, पुली आवळून झाली. बुधाने शेठच्या हातात लांब दांड्याचा पाना दिला. वाल्मीक प्लास्टरचा हात पोटाशी धरून बाजूला उभा राहिला.

"दोन फेरे. तुम्ही फिरवायचे, शेठ. हळू. कुठं अडलं तर जोर नाय लावायचा."

शेठनी बाह्या वर केल्या. पहिल्या फेऱ्यातच घाम फुटला. दुसऱ्या फेऱ्यात ते थांबले, त्यांचा चेहरा उतरला. अडतंय, म्हणाले. वाल्मीकने कान लावला आणि म्हणाला, ते अडणं नाय, ते दाबणं हाय, हवा दबतीय आत, चाला पुढं. शेठ चालले. फेरा पुरा झाला.

मग शेठनी सवयीने माझ्याकडे पाहून विचारलं, ताई, वेळ कशी आहे.

मी पंचांग घरीच ठेवलं होतं. म्हटलं, वाल्मीकला विचारा.

त्याने होकाराची मान डोलावली. शेठनी चावी फिरवली.