आधी प्रत, मग सफाई

नव्वदचं दशक संपता संपता मी स्वतःची एक छोटी वेबसाइट केली होती. फुकटात जागा मिळायची, तिथं. जळगावला एका कारखान्याच्या ऑफिसात मी तेव्हा सॉफ्टवेअरचं काम करायचो आणि रविवारी सायबर कॅफेत बसून ती पानं चढवायचो. मराठीत होती, त्यामुळे वाचणाऱ्याला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तरी पाचपन्नास माणसं वाचायची, अधूनमधून कुणी पत्र पाठवायचं.

त्यात एक पान होतं ज्यांना स्वतःची वेबसाइट करायची आहे किंवा रोजच्या कटकटीच्या कामांसाठी संगणकावर छोट्या आज्ञावल्या लिहायच्या आहेत अशांसाठी. मला जे ठेचा खाऊन कळलं होतं ते मी लिहीत गेलो. फाईलींची नावं सगळी लहान अक्षरांत ठेवा. घरच्या मशीनवर चालतं ते तिकडच्या मशीनवर चालेलच असं नाही. मोठे फोटो लावू नका, टेलिफोनच्या तारेवरून ते येईस्तोवर माणसाचा चहा पिऊन होतो. पान कधी बदललं ते खाली लिहा. पुसून टाकणारी आज्ञा देण्याआधी तीच आज्ञा नुसती नावं दाखवायला लावा, आणि ती नावं डोळ्यांनी वाचा. आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत: आधी प्रत, मग सफाई.

हे शेवटचं लोकांना फार आवडलं. एकानं विचारलं होतं, इतकं सोपं वाक्य तुम्हाला सुचलं कसं? मी त्याला उत्तर दिलं नाही. ती फुकटची जागा देणारे केव्हाच बंद पडले, पान गेलं, पण त्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ते आता देतो.

मी धुळ्याला कॉलेजात असताना देवपुरात आमच्या समाजाचे एक नाना राहायचे. निवृत्त मुख्याध्यापक. समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती गोळा करून दरवर्षी एक पुस्तिका काढायची, आणि मेळाव्यात ती वाटायची, हे काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. मंडळानं त्यासाठी एक संगणक घेतला, मराठी अक्षरं उमटवणारं कार्ड बसवून, आणि तो नानांच्या पुढच्या खोलीत ठेवला. त्याच्यावर कापडाची झूल असायची, नानांच्या पत्नीनं शिवलेली. मी बी.एस्सी. करत होतो, पण नाना आल्यागेल्याला माझी ओळख "आपला इंजिनिअर" अशी करून द्यायचे. मी कधी ती दुरुस्त केली नाही.

माझ्या हातात तोवर कुणी संगणक असा मोकळा दिला नव्हता. कॉलेजात आठवड्याला एक तास, तोही तिघांत एक मशीन. नानांनी किल्लीच दिली. म्हणाले, बिघडलं तर बिघडलं, बिघडवल्याशिवाय शिकशील कसा. आज माझं जे काही चाललंय ते त्या किल्लीवर चाललंय, हे मी विसरलेलो नाही.

फॉर्म टाइप करायला अक्का यायच्या. नानांच्या गल्लीतल्याच, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. टायपिंगच्या क्लासात शिकवायच्या, दुपारी इकडे; संगणक त्यांना मीच पहिल्यांदा दाखवला होता. त्यांचा हात असा होता की कळफलकाकडे बघायच्याच नाहीत. एक फॉर्म टाइप झाला की कोपऱ्यात पेन्सिलनं बरोबरची खूण करायच्या आणि पालथा ठेवायच्या. मला म्हणायच्या, "भाऊ, तुझ्या मशीनला माझ्याइतकी घाई नाही." येताना डब्यात मुरमुरे आणायच्या, आणि संगणकाजवळ खायचे नाहीत म्हणून मला ओट्यावर हाकलायच्या.

अक्का गेल्या की माझी पाळी. मी एक बॅच फाईल लिहिली होती, म्हणजे एकामागून एक पाळायच्या आज्ञांची यादी. तिचं नाव टाइप केलं की ती आपली आपण सगळं करायची: अर्धवट राहिलेल्या नोंदी काढायची, बाकीच्या अकारविल्हे लावायची, आणि शेवटी सगळं फ्लॉपीवर उतरवून ठेवायची. त्या काळच्या त्या प्रोग्राममध्ये नोंद पुसली तरी लगेच जात नसे, नुसती खूण लागे. परत आणता यायची. पण पुढे 'पॅक' म्हटलं की खूण लागलेलं सगळं कायमचं गेलं. मी 'पॅक'ही त्या यादीत घालून टाकलं होतं. स्वच्छ दिसायचं. नाना बघायला यायचे आणि म्हणायचे, शिपाई ठेवल्यासारखं काम करतं.

अर्धवट नोंद ओळखायची कशी? अक्कांनी कधी चुकून रिकामी नोंद उघडली तर तीत काहीच नसायचं. मी विचार केला, वडिलांचं नाव बघायचं. ते नसेल तर नोंद अर्धवट. वडिलांचं नाव नाही असा फॉर्म समाजात कोण भरणार?

जळगावच्या छापखान्यातून पुस्तिका आल्या. मेळाव्याला आठ दिवस होते. तालुक्यांच्या प्रतिनिधींना थोड्या प्रती आधी गेल्या, आणि चौथ्या दिवशी चाळीसगावहून एक बाई एसटीनं आल्या. पन्नाशीच्या, हातात पुस्तिका. त्यांची मुलगी शाळेत शिक्षिका. नवरा मुलगी लहान असताना घर सोडून गेला तो परत आला नाही. बाईंनी पाणी घेतलं नाही, आधी पुस्तिका नानांपुढे ठेवली.

"बठ्ठास्ना नावं शेतस. मन्ही पोरनंच नही."

नाना म्हणाले, सगळ्यांची नावं आली आणि तिचंच राहिलं असेल, बघतो. बाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"बाप नही म्हनीसनी नाव काढी टाकं का, नाना?"

नानांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, तसं या घरात होणार नाही, ताई, माझ्या शिक्षकी पेशाची शपथ. मग त्यांनी फॉर्मचा गठ्ठा काढला. फॉर्म सापडला. बाईंनी वडिलांच्या नावाची ओळ रेघ मारून खोडली होती आणि वर स्वतःचं नाव लिहिलं होतं. कोपऱ्यात पेन्सिलची खूण होती.

अक्कांना बोलावलं. त्यांनी फॉर्म पाहिला आणि म्हणाल्या की खूण आहे म्हणजे टाइप केलाय, आईचं नाव शेऱ्याच्या रकान्यात घातल्याचंही आठवतंय. नाना माझ्याकडे वळले. मशीन नाव गाळतं का, असं विचारलं.

मी म्हणालो, "मशीन स्वतःहून काही गाळत नाही, नाना."

हे बोललो तेव्हा मला तसंच वाटत होतं. ते आधी नोंदवून ठेवतो, कारण पुढचं तसं नाही.

संध्याकाळी मी तो फॉर्म स्वतः टाइप केला. अक्कांनी केला असता तसाच, वडिलांची जागा रिकामी. एकूण नोंदी किती ते पाहिलं. बॅच फाईल चालवली. परत पाहिलं. एक कमी. फ्लॉपी घातली, तर फ्लॉपीवरही एक कमीच, कारण सफाई आधी आणि प्रत नंतर असा क्रम मीच लावला होता. बाईंनी विचारलं होतं ते अक्षरशः खरं होतं. बाप नाही म्हणूनच नाव काढलं होतं. नानांनी नाही, मी.

मी झूल घातली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी नानांनी ठरवलं की एकूण एक प्रतीत शेवटच्या पानावर मुलीच्या माहितीची चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठी मी तयार केली. तिच्यावर एक ओळ लागत होती, का राहिलं याची. नाना म्हणाले, तूच घाल काय ती. मी घातली: "टंकलेखनातील नजरचुकीमुळे ही नोंद राहून गेली, क्षमस्व." अक्का शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ती पडद्यावर वाचली आणि चिठ्ठ्या कापायला कातर घेतली. मग डिंकाची बाटली घेऊन आम्ही तिघं चिठ्ठ्या चिकटवायला बसलो. सगळ्यांत सरळ अक्कांच्या लागत होत्या.

का केलं, तर नाना जळगावच्या एका ओळखीच्यांना माझ्यासाठी पत्र लिहिणार होते, हे एक कारण. पण पत्र नसतं तरी मी तेच केलं असतं. "आपला इंजिनिअर" हे मला सोडवत नव्हतं.

नाना अक्कांना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी त्यांनी फॉर्म टाइप करायला दुसऱ्या कुणाला बसवलं आणि अक्कांना पाकिटांवर पत्ते लिहायला दिले. चाळीसगावच्या त्या मुलीचं लग्न वर्षभरानं जमलं, पुस्तिकेतून नाही, तिच्या शाळेतल्या ओळखीतून. मला पत्र मिळालं, नोकरी लागली, मी जळगावला गेलो. नाना वारले तेव्हा मी धुळ्याला येऊन खांदाही दिला. सांगितलं मात्र नाही.

मग ती वेबसाइट, आणि ते ठळक अक्षरांतलं वाक्य.

एके दिवशी अक्कांचं पत्र आलं, साधं, पोस्टानं. त्यांनी देवपुरात स्वतःचा टायपिंग आणि संगणकाचा क्लास काढला होता. चार मशीनं होती, मुली फाईलींचा पसारा करून जायच्या. कुणीतरी तुझी पानं दाखवली, लिहिलं होतं, तेव्हा एखाद्या रविवारी ये आणि रोजच्या सफाईचं काहीतरी करून दे. खाली लिहिलं होतं की संगणकावर पहिल्यांदा तूच बसवलंस, त्याचे उपकार आहेत.

मी गेलो. क्लास चालू होता. मी कोपऱ्यातल्या मशीनवर बसलो आणि बॅच फाईल लिहायला घेतली. मुली कागदावरून टाइप करत होत्या आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात दोन खुणा करत होत्या. एक टाइप झाल्यावर, दुसरी पडद्याशी ताडून पाहिल्यावर. एका मुलीनं कुरकुर केली की एक खूण पुरे नाही का, बाई.

अक्का म्हणाल्या, "नाही पुरत. माझ्या हातून एकदा एका मुलीचं नाव राहून गेलंय. खूण केली होती तरी."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, नेहमी सांगत असाव्यात तसं. मुलगी दुसरी खूण करू लागली. माझे हात थांबले.

मुली गेल्यावर मी सांगितलं. प्रस्तावना न करता, जसं घडलं तसं, आज्ञांच्या क्रमासकट. अक्का खुर्च्या सारख्या करत होत्या, त्या थांबल्या.

"मी गेल्यावर चालायची ती फाईल?"

"हो."

"म्हणजे मी टाइप केलं होतं."

"केलं होतं, अक्का."

"तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. चिठ्ठीच्या आधी."

त्या बसल्या. म्हणाल्या, की नानांनी शेवटपर्यंत त्यांना मशीनवर बसवलं नाही, आणि त्यांनाही ते बरोबरच वाटलं होतं. आपल्याला आठवतंय ते खरं नसतं असं त्या तेव्हापासून धरून चालल्या होत्या. गॅस बंद केला का हे बघायला परत यायच्या, कुलूप लावलं का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परतायच्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"ते राहू दे. चिठ्ठी छाप."

मला कळेना. त्या आत गेल्या आणि पुस्तिका घेऊन आल्या, त्या वर्षीची. शेवटचं पान उघडलं. चिठ्ठी पिवळी पडली होती, पण सरळ होती.

"जिथं लिहिलंस तिथंच दुरुस्त कर," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मशीनवर बसून टाइप केलं: "वरील नोंद टंकलेखनात राहिली नव्हती. ती प्रोग्राममधील चुकीने पुसली गेली. चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची असून टंकलेखन बरोबर होते." खाली माझं नाव घातलं. छापलं, कातरीनं कापलं. त्यांनी कागद घेतला, बोट ठेवून एकेक शब्द वाचला, आणि जुन्या चिठ्ठीच्या खाली डिंकानं चिकटवला.

मग म्हणाल्या, ती सफाईची फाईल पूर्ण करून जा, उद्या मुली येतील. मी पूर्ण केली, आधी प्रत, मग सफाई. एकेका ओळीचा अर्थ त्यांनी विचारून घेतला. निघताना त्यांनी मला मुरमुरे दिले, आणि ओट्यावर जाऊन खा म्हणाल्या. त्या दोन मुठी मुरमुऱ्यांसाठी मी त्यांचा किती ऋणी आहे हे मला आजही नीट सांगता येत नाही.

खानदेशात किती घरांत ती पुस्तिका अजून असेल कोण जाणे. असलीच तर तिच्यात जुनी चिठ्ठीच आहे. माझं वेबसाइटवरचं पान असतं तर तिथं लिहिलं असतं. ते नाही, म्हणून इथं.

ओट्यावरून मी आत पाहिलं होतं. अक्कांनी पेन्सिल घेतली होती आणि नव्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात खूण करत होत्या. एकच केली, आणि पुस्तिका पालथी ठेवली.