मुकी असेन, बिचारी नाही

बालवर्गाच्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे भोंगाबाई म्हणायची, आणि ते त्यांना ठाऊक होतं. आवाजच तसा होता. सकाळी त्यांनी वर्गात ‘क’ म्हटला की समोरच्या गल्लीतल्या शिंप्याचा मशीनवरचा पाय थांबायचा, असं शिंपी स्वतः सांगायचा. वरच्या मजल्यावरच्या चौथीच्या बाई भर उकाड्यात खिडक्या लावून घ्यायच्या. मुलं मात्र खूश असायची, कारण शाळेत ओरडायची परवानगी असलेला तो एकच वर्ग होता. बाई म्हणणार, त्यांच्यामागून पोरं म्हणणार. क ते ज्ञ, एक ते शंभर, छप्पर उडेल अशा सुरात. त्यांच्या हाताखालून गेलेले कितीतरी आता मिशा फुटलेले बाप्ये झाले होते. रस्त्यात भेटले की म्हणायचे, बाई, तुमचा आवाज अजून कानात आहे. बाई म्हणायच्या, मग कान साफ करून घे.

अशा बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ जीवघेणी नव्हती, पण वाढत होती, काढणं भाग होतं. आवाजाची नस गाठीला चिकटून आहे, सुटली तर नशीब, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. नस सुटली नाही. बाई धडधाकट घरी आल्या, जेवायला लागल्या, जिने चढायला लागल्या; फक्त तोंड उघडलं की दाराच्या फटीतून वारा यावा तशी फुसफूस बाहेर पडायची. त्यांचे यजमान कुलपं दुरुस्त करायचे. ते म्हणाले, “आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली, आणि माझ्याच घरातलं हे एक उघडत नाही बघ.” बाई हसल्या. हसण्याचा आवाज आला नाही, खांदे तेवढे हलले.

टाके निघाले त्या आठवड्यात मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, फळं घेऊन भेटायला आल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ठरवूनच आणलं होतं: तळमजल्यावर सामानाची खोली आहे, खडू, चटया, रंग तिथून वाटायचे, बसून करायचं काम आहे, घशाला ताण नाही. नणंदबाईंनी लगेच मान डोलावली. त्या वरच्याच मजल्यावर राहायच्या आणि आजारपणापासून दिवसातून दहादा डोकावायच्या. दोघींचं बोलणं असं चाललं होतं, जणू खोलीतलं जुनं कपाट कुठल्या भिंतीला सरकवायचं याची चर्चा आहे. बाईंनी उशाखालची पाटी काढली आणि लिहिलं, बालवर्ग.

मोठ्या बाईंनी समजुतीने सांगून पाहिलं. वाचणं डोळ्याने दिसतं, पण शिकलं जातं कानाने. आवाजच नाही तर अक्षर मुलाच्या कानात जाणार कसं? त्यात चूक काहीच नव्हतं, म्हणून बाईंना जास्तच झोंबलं.

नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, ऐक माझं. मुकी बिचारी कुणीही हाका, अशी गत होईल. पाच वर्षांची पोरं डोक्यावर मिरी वाटतील.”

बाईंनी पाटी पुसली. खडू इतका दाबून धरला की लिहिताना त्याचं टोक तुटलं. त्यांनी पाटी आधी नणंदेला दाखवली आणि मग मोठ्या बाईंना. मुकी असेन. बिचारी नाही.

शेवटी सहामाहीपर्यंत बघू, यावर आलं. मोठ्या बाईंनी एक अट घालून पाहिली: शेजारच्या वर्गात नवीन लागलेली बाई आहे, ती शेजारी उभी राहील, तुम्ही ओठ हलवाल तसं मोठ्याने म्हणेल. बाईंनी लिहिलं, माझ्या तोंडात दुसऱ्याची जीभ नको. मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं, पर्स उचलली आणि निघाल्या.

पहिला दिवस फजितीचा गेला. मुलं सवयीने छाती भरून बसली होती, की बाई म्हणतील आणि आपण ओरडू. बाईंनी तोंड उघडलं, वारा सुटला, आणि वर्गातला सगळ्यात हडकुळा मुलगा, ज्याला बाई पैलवान म्हणायच्या, मोठ्याने म्हणाला, “बाईंची बॅटरी संपली.” वर्ग खदखदून हसला आणि मग जो गोंधळ सुरू झाला तो सुटीची घंटा होईपर्यंत थांबला नाही. एकाने खडू खाल्ला. दोघींनी एकमेकींचे केस ओढले. बाईंनी टेबलावर डस्टर आपटून आपटून हात दुखवून घेतला. घरी येऊन त्या न्हाणीघरात शिरल्या आणि रडल्या. रडण्यालाही आवाज नव्हता, तेवढी एक सोय झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्या शिंप्याकडून बटणांचा डबा मागून घेऊन गेल्या. ओरडायचं नाही तर नाही. त्या मुलांच्या मधोमध जमिनीवर बसल्या आणि एक मूठ पुढे केली. क्षणभर उघडली, मिटली. पोरं जवळ सरकली. पुन्हा उघडली, मिटली. कुणीतरी म्हणालं तीन, कुणी म्हणालं चार. भांडण लागलं, पण ते कामाचं भांडण होतं. मग बाईंनी दोन्ही मुठी दाखवल्या, एकीत चार, दुसरीत एक, आणि भुवया उंचावल्या. सगळे मिळून किती? शंभरापर्यंत घसा फोडून म्हणणारा अख्खा वर्ग गप्प झाला. भिंगरी नावाची मुलगी, जी एका जागी कधीच बसत नसे म्हणून तिला ते नाव पडलं होतं, तिने पुढे येऊन एकेक बटण बोटाने दाबत एकपासून मोजलं तेव्हा कुठे पाच आले. बाईंच्या मनात आलं, शंभरापर्यंतची गाडी इतकी वर्षं धडधडत नेली, आणि डब्यात कुणी बसलं आहे का ते वळून पाहिलंच नाही. त्यांना स्वतःचा राग आला, आणि तो राग कामाला आला. त्या दिवसापासून शंभर बंद. पाचाच्या आत काय काय होतं तेच आधी.

लिहिण्याचंही तसंच जमवलं. मुलांना एकामागे एक रांगेत बसवायचं, शेवटच्याच्या पाठीवर बाई बोटाने अक्षर काढणार, त्याने ते पुढच्याच्या पाठीवर काढायचं, आणि सगळ्यात पुढचा पाटीवर लिहिणार. मागून निघालेला ‘त’ पुढे पोहोचेपर्यंत ‘न’ व्हायचा. मग कुणाच्या पाठीवर वळण चुकलं याचा तपास लागायचा, आणि जो तो आपली पाठ निर्दोष असल्याचं सांगायचा. गुदगुल्या होतात म्हणून पैलवानाला पहिल्यांदा रांगेतून उठवावं लागलं होतं. पुढे तो शेवटी बसायचा हट्ट धरू लागला, कारण बाईंचं बोट थेट त्याच्याच पाठीवर यायचं.

गाडी अडली ती ‘प’वर. बाई ओठांनी अक्षर म्हणायच्या, मुलं ओठ बघून ओळखायची. क आणि ट उघड्या तोंडातली जीभ बघून जमून जायचे. पण प, ब आणि म तिन्ही ओठ मिटूनच निघतात, आणि फुसफुशीत आवाजात तिघांतला फरक पुसून जातो. बाई ‘ब’ म्हणायच्या, वर्ग ‘प’ म्हणायचा. बाई मान हलवायच्या, वर्ग ‘म’ म्हणायचा. तिसऱ्या दिवशी भिंगरी वैतागून म्हणाली, “बाईंचं सगळं प आहे.”

बाईंनी तिला जवळ घेतलं. तिचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवला, जखमेच्या रेघेशेजारी, आणि ‘ब’ म्हटलं. काहीच हललं नाही. मग तिचाच हात तिच्याच गळ्यावर ठेवला आणि तिला खूण केली, आता तू म्हण.

भिंगरीने ‘ब’ म्हटलं आणि डोळे मोठे केले. “आत माशी आहे,” ती म्हणाली.

मग ती ‘प’ म्हणाली, थोडं थांबली, पुन्हा ‘ब’ म्हणाली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ती इतका वेळ एका जागी उभी होती. “ब ची माशी लवकर येते. ओठ उघडायच्या आधी. प ची मागून येते.”

मिनिटाभरात सगळा वर्ग गळे धरून बसला. ‘म’ची माशी नाकात निघाली. ‘द’ची लवकर येते, ‘त’ची उशिरा, हे पैलवानाने शोधलं आणि दिवसभर सांगत फिरला. बाईंनी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. लवकर माशीची अक्षरं एकीकडे, उशिरा माशीची दुसरीकडे. अक्षर कुठल्या बाजूला जाणार ते मुलं ठरवायची, आपापल्या गळ्याला विचारून. बाईंच्या गळ्यातली माशी कायमची उडाली होती, पण वर्गात तिचा थवा झाला होता.

घरोघरी मात्र वेगळंच दिसू लागलं. पोरं जेवता जेवता गळा धरायची, कुजबुजत बोलायची. एका आईने मुलीला घशाच्या डॉक्टरकडे नेलं. मुकी बाई पोरांना मुकं करतेय, असं कुणीतरी म्हणालं, आणि अशा बोलण्याला पाय फुटायला वेळ लागत नाही. पैलवानाच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. त्यांनी पुढाकार घेतला, चार पालक गोळा केले, आणि मोठ्या बाईंना बैठक बोलवावी लागली. तुम्ही आला नाहीत तरी चालेल, त्रास होईल, असा निरोप त्यांनी बाईंना पाठवला. बाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या.

बैठक बालवर्गातच होती, त्यामुळे थोरामोठ्यांना चिमुकल्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसावं लागलं. औषधवाले उभे राहिले. त्यांनी गोड सुरुवात केली. बाईंबद्दल सगळ्यांना आदरच आहे, त्यांनी पुष्कळ केलं, आता त्यांनी आराम करावा, त्यांच्या तब्येतीचाही विचार करायला हवा. बोलताना ते मोठ्या बाईंकडे बघत होते. बाई त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होत्या.

बाई उठल्या आणि फळ्यावर लिहिलं: मला ऐकू येतं. त्याखाली लिहिलं: मला विचारा.

औषधवाले बाईंकडे वळले. “बरं, विचारतो. माझा मुलगा वाचायला कधी लागणार?”

मुलं बाहेर अंगणात खेळत होती. बाईंनी पैलवानाला आत आणलं आणि फळ्यावर एक शब्द लिहिला, जो त्यांनी वर्गात कधीच दाखवला नव्हता. कपबशी. पोराने बापाकडे पाहिलं, एवढ्या मोठ्या माणसांकडे पाहिलं आणि बावरला. “कब... पशी,” तो म्हणाला. मागून कुणीतरी हसलं. बाईंनी हसणाऱ्याकडे अशी नजर टाकली की हसू जागच्या जागी विरलं. पैलवानाने गळ्याला हात लावला, ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. “कप,” तो म्हणाला. “कपबशी.” आणि पळत बाहेर गेला, कारण त्याची खेळातली पाळी आली होती.

“एका शब्दाला एवढा वेळ,” औषधवाले म्हणाले. “याचा मोठा भाऊ या वयात अख्खं पान धडाधड वाचायचा. तुमच्याच वर्गात.”

बाईंनी लिहिलं: वाचायचा की पाठ म्हणायचा?

औषधवाल्यांचा चेहरा लाल झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला शेजारच्या तुकडीत घातलं. त्यांच्यामागून आणखी काही मुलं गेली. बाकीच्यांचे आईबाप राहिले. काहींना पटलं होतं म्हणून, काहींना धावपळ नको होती म्हणून. गेलेल्यांचं बाईंना वाईट वाटलं, पैलवानाचं जास्तच. मधल्या सुटीत तो दाराशी उभा राहून आत बघायचा. बाई त्याला आत बोलवायच्या नाहीत, तो शेजारच्या बाईंचा अपमान झाला असता. पण दार मात्र त्यांनी त्या वेळेला कधी लावून घेतलं नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, आता तरी ती नवीन शिक्षिका मदतीला घ्या, लोकांची तोंडं बंद होतील. बाईंनी लिहिलं: तोंडं उघडी राहू देत. मुलांना ओठ बघायची सवय आहे. मोठ्या बाईंना हसू आवरेना, आणि त्या दिवशी त्या जायच्या ऐवजी मागच्या चटईवर बसल्या. मग अधूनमधून येऊन बसू लागल्या. एकदा बाई मागे वळल्या तर मोठ्या बाई चष्मा कपाळावर सरकवून, दोन बोटं गळ्याला लावून, ‘ग’ आणि ‘क’ची खात्री करून घेत होत्या. बाईंनी न पाहिल्यासारखं केलं.

सहामाही आली आणि गेली. सामानाच्या खोलीचा विषय कुणी काढला नाही. नणंदबाईंनी एकदा विचारलं, किती दिवस हा हट्ट. यजमानच मधे म्हणाले, “त्याला हट्ट नको म्हणू. नोकरी म्हण.” औषधवाल्यांनी आपलं म्हणणं कधीच मागे घेतलं नाही. बाई त्यांच्याच दुकानातून गोळ्या आणायच्या. पाटीवर नाव लिहून काउंटरवर ठेवायच्या आणि ते वाचेपर्यंत त्यांच्या डोळ्यांत बघत उभ्या राहायच्या. मान्यता त्यांनी दिली नाही आणि बाईंनी मागितली नाही.

नव्या वर्षी प्रवेशाच्या दिवशी एक आई मुलाचं बोट धरून मोठ्या बाईंच्या खोलीत आली. बालवर्गाच्या शिक्षिकेबद्दल तिने काहीबाही ऐकलं होतं. तिने जरा चाचरत विचारलं, “त्यांना बोलता येत नाही, हे खरं का?”

“खरं आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “वर्ग डाव्या हाताला. तुम्हाला उशीर झालाय, त्यांनी सुरुवातसुद्धा केली असेल.”