शिंपल्यांचा चुना

पणजीहून निघालेल्या बसमध्ये बाबांना मी खिडकीची जागा दिली, पण मांडवी नदीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते रस्त्याकडेच्या भिंती बघत होते. जांभा दगड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. असा भोकाभोकांचा दगड वजन कसा धरतो, हे त्यांनी शेजारच्या प्रवाशालाही विचारून घेतलं.

बाबा गवंडी, मी जिंतूरला मास्तर. माझ्या पुस्तकात जुन्या गोव्याच्या कॅथेड्रलचं चित्र पाहिल्यापासून, एवढी रुंद कमान कशी पेलली असेल, हा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात आमच्या वस्तीनं पुष्कळ सोसलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना चार दिवस दूर न्यावं, असंही मला वाटत होतं.

उतरल्यावर समोर पांढरीशुभ्र, प्रचंड इमारत. मनोरा मात्र एकच. दुसरा कुठं गेला, हे बाबांना आधी हवं होतं. पातळभाजी-पाव विकणाऱ्या बाईनं सांगितलं की तो फार पूर्वी वीज पडून कोसळला. बाबांनी पाव तसाच हातात धरून ती रिकामी बाजू न्याहाळली.

दाराशी त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

"आपुन कोन हाओत ते आदी सांग त्यायला," ते हळूच म्हणाले. "मंग जाऊ."

मी काही बोलण्याआधीच चुन्यानं हात माखलेला एक म्हातारा गवंडी बाहेर आला. "भितर येयात" (आत या), तो म्हणाला. बाबा हलले नाहीत. तेव्हा त्यानं खाली वाकून त्यांच्या चपला उचलल्या आणि त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. इथं चपला घालूनच जातात, हे आम्हाला मागाहून कळलं. बाबा इतके ओशाळले की त्या हातात घेऊनच आत गेले.

आत ते मान वर करून बराच वेळ फिरले. सोनेरी वेदीपुढे थोडंसं थांबले, पण कमानीखालून त्यांचा पाय निघेना. बाहेर आल्यावर त्या गवंड्यानं आम्हाला मागच्या भिंतीकडे नेलं. पावसाळ्यानंतरचं गिलाव्याचं काम चाललं होतं. त्याचा चुना खुब्यांचा (शिंपल्यांचा) होता. आमच्याकडे चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालतात, हे बाबांनी हातवारे करून सांगितलं. मग त्यानं आपली थापी बाबांपुढे धरली. बाबांनी वीतभर भिंत गिलावली. म्हाताऱ्यानं तिच्यावरून तळहात फिरवला आणि मान डोलावली.

परतीची गाडी पाथरी सोडून पुढे आली, तेव्हा बाबांनी खिडकीतून एक शिखर दाखवलं. ते देऊळ त्यांनी बांधलं होतं. मला हे ठाऊक नव्हतं. मूर्ती बसली त्या दिवशी भिंत सरळ आहे का ते बघायचा त्यांचा ओळंबा आत राहिला होता. तो आणायला ते गेले, तर पायरीवरच अडवले गेले. कुणीतरी ओळंब्यावर पाणी शिंपडून तो बाहेर भिरकावला.

मुलांना मी देशोदेशीच्या इमारती शिकवत आलो होतो, आणि घरच्या गवंड्याला कधी काही विचारलं नव्हतं. आतून कसं आहे ते देऊळ, मी विचारलं.

"बांधताना बगितलं तेवढंच," बाबा म्हणाले. "तवा देव बसला नव्हता."